मिरचीचं विरजण

मैत्रिणींनो, तुमच्या घरी वर्षाचं तिखट कुठून येतं? आमच्याकडे ते विकत घ्यायची पाळी लग्न झाल्यापासून बारा वर्षांत कधी आली नव्हती. माझं सासर धुळे जिल्ह्यातलं, शिंदखेडा तालुक्यातलं एक लहानसं गाव. आम्ही राहतो जळगावला. दर वर्षी होळीच्या आगेमागे भाऊ, म्हणजे माझे थोरले दीर, सुरत-भुसावळ गाडीनं जळगावला उतरायचे आणि खांद्यावर गोणी असायची. दारात पाऊल टाकायच्या आधी घरात ठसका शिरायचा. ती गोणी उन्हात पसरणं, देठ खुडणं, कोणती मिरची रंगाची आणि कोणती जाळाची ते वेगळं करणं, मग गिरणीत नेणं, हा माझा चैत्रातला सण. शेजारच्या बायका सुपं घेऊन मदतीला यायच्या, आणि जाताना कागदात बांधलेली मूठभर मिरची घेऊन जायच्या.

तीन वर्षांपूर्वीच्या होळीला भाऊ आले ते रिकाम्या हातानं. चहा घेतला, मुलांच्या हातावर पन्नासपन्नास रुपये ठेवले आणि “यंदा काही नाही बरं का,” एवढंच बोलून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. रात्री ह्यांनी सांगितलं. जूनमध्ये वाफ्यातली रोपं मेली. विकतची रोपं आणून लावली. त्यांना फळं धरली तर नोव्हेंबरच्या अवकाळी पावसानं ती झाडावर सडली, आणि जी तोडली ती पथारीवर भिजली. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. नंदुरबारला आणि दोंडाईचाला हिवाळ्यात गेलात तर दूरवर जमीनच लाल झालेली दिसेल. (नंदुरबार १९९८ पर्यंत आमच्या धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणून सासूबाई अजून ‘आपलं नंदुरबार’ म्हणतात.) शेवटी ह्यांनी खाली मान घालून सांगितलं की आक्कांची सोन्याची पोत सराफाकडे गहाण पडली आहे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मला त्यांनी सुनेसारखं नाही, धाकट्या बहिणीसारखं वागवलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्या गाव सोडून इथं येऊन राहिल्या. त्यांचा मोकळा गळा डोळ्यांपुढे आला आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

तर त्या वर्षी पहिल्यांदाच मी बाजारातून मिरची आणली. आणताना फसले, ते सांगून टाकते, म्हणजे तुम्ही फसणार नाही. स्वस्त पडते म्हणून जी घेतली तिच्यात निम्म्या शेंगा अर्धवट पांढुरक्या, वाळल्या गवताच्या रंगाच्या होत्या. मला वाटलं, उन्हानं रंग उडाला असेल. तसं नसतं. नीट पाहिलं तर त्या फिकट भागावर बारीक काळे ठिपके असतात, कधी कधी वर्तुळात मांडल्यासारखे. ती फळसडीची खूण. कोलेटोट्रिकम नावाच्या बुरशीनं झाडावर असतानाच धरलेली ती मिरची. तिचं तिखट रंगाला उतरत नाही, आणि आतल्या बिया काळपट, चिकटलेल्या असतात. घेताना चार शेंगा मोडून बघा. आत जाळं किंवा बुरा दिसला, कुबट वास आला, तर दुकानदार कितीही गोड बोलो, पुढं चला. ओलसर राहिलेल्या मिरचीत दुसऱ्या बुरश्याही वाढतात, आणि त्यांतल्या काही अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते यकृताला वाईट. भाजल्यानं ते पुरतं जात नाही.

त्या जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी चार दिवस मी मुलांना घेऊन गावी गेले. विहिरीशेजारी आक्कांनी मिरचीचे वाफे टाकले होते. रोपं बोटभर झाली होती आणि दुरून पाहिलं तर हिरवी मऊ चादर अंथरल्यासारखं दिसत होतं. जवळ गेले, तर चादरीला मधे मधे भोकं. त्या भोकांतली रोपं आडवी पडलेली. पानं हिरवी, शेंडा हिरवा, पण मातीला टेकतं तिथं देठ पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झालेला. सकाळी तळहाताएवढं असलेलं भोक दुसऱ्या दिवशी ताटाएवढं होई.

आक्का वाफ्याच्या कडेला बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “तू शाळामा पोरेस्ले काय शिकाडस व? मंग माले सांग ना, हाई रोपं का बरं मरी ऱ्हायनात?”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर वाटत होतं की शिकलेल्या बाईला हे ठाऊक असणार. आणि मी बी. ए., तेही मराठी घेऊन. शाळेत तासिकेवर शिकवते, आठवड्यातून तीन दिवस. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की आठवीचा तास माझ्या गळ्यात येतो, त्या निमित्तानं सूक्ष्मजीवांचा धडा मी दोनदा शिकवलेला होता. दह्यातले जीवाणू, डाळवर्गी पिकांच्या मुळांवरच्या गाठी, पावाचं यीस्ट. फळ्यावर सुबक आकृत्या काढल्या होत्या. पण समोर रोपं मरत असताना मला एक शब्द सुचला नाही. “विचारून सांगते,” म्हटलं, आणि कानशिलं गरम झाली.

भाऊंनी दुकानातून औषधं आणली. एक चाललं नाही म्हणून दुसरं, दुसऱ्यात तिसरं मिसळून. बुरशीचं, किडीचं, वाढीचं, सगळं एकाच पंपात. श्रावण संपता संपता एका दुपारी फवारून घरी आले, ओसरीवर बसले आणि ओकायला लागले. घाम, डोळ्यांसमोर अंधारी, तोंडाला फेस. नाकातोंडाला रुमालसुद्धा बांधलेला नव्हता. धुळ्याला दवाखान्यात चार दिवस होते. वाचले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी गेले ते आपण वर्तमानपत्रांत वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं. ह्या वेळी पान उलटता येईना.

‘विचारून सांगते’ हे माझं म्हणणं मात्र आक्का विसरल्या नव्हत्या. मीही नाही. माझी भाची धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकते. दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती हसली, म्हणाली, “मावशी, तू दही लावतेस ना? मग तुला अर्धं कळलंय.”

तिनं मला एक काचेची बशी दाखवली. तळाला खळीसारखा थर आणि त्यावर मलईच्या रंगाचे ओघळ. काही विशेष नाही. मग खोलीतला दिवा घालवून तिनं जांभळा दिवा लावला, दुकानदार नोटा तपासतात तसला. आणि काय सांगू, ती बशी हिरवट पिवळी चमकायला लागली, काजव्यासारखी. ह्या जीवाणूचं नाव स्युडोमोनास फ्लुरोसन्स. ते चमकतं म्हणूनच हे नाव. तो कुठून परदेशातून आणावा लागत नाही. आपल्याच मातीत, मुळांच्या भोवती राहतो. मुळांमधून साखरेसारखे पदार्थ पाझरत असतात, त्यावर हे जगतात. मुळाभोवतीच्या ह्या गजबजलेल्या पट्ट्याला १९०४ साली हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं प्रथम वेगळं नाव दिलं. आणि मुळांवर राहून झाडाचं भलं करणारे जीवाणू हा वेगळा गट आहे, असं अमेरिकेतल्या क्लोपर आणि श्रॉथ ह्यांनी १९७८ साली मांडलं. आपल्याकडे कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठात ह्या जीवाणूची शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेली पूड तयार झाली. १९९५ साली त्यावरचं काम छापून आलं, ते हरभऱ्याच्या मर रोगासाठी होतं. शंखजिरं म्हणजे आपल्या तोंडाला लावायच्या पावडरीत असतं तेच.

पण हे जीवाणू करतात तरी काय? मी भाचीला तीनदा विचारलं आणि नंतर घरी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. तुम्ही एस. टी.नं माहेरी जाता ना? गाडी फलाटाला लागायच्या आधी कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. आपण आत चढेपर्यंत सगळ्या सीटा भरलेल्या. तसंच हे. बी रुजून मूळ फुटलं की त्याच्या अंगावर बसायला चांगले-वाईट सगळेच धावतात. आपण बियाला किंवा वाफ्याला आधीच हे जीवाणू दिले तर ते मुळावर रुमाल टाकून बसतात. मागून आलेल्या बुरशीला उभं राहायलाही जागा नाही.

दुसरी गंमत लोखंडाची. आपल्या डॉक्टरीणबाई लोह कमी, लोह कमी म्हणून गोळ्या देतात. बुरशीलाही वाढायला लोह लागतं. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण विरघळलेलं फार थोडं. हे जीवाणू एक पदार्थ सोडतात, तो मातीतलं लोह पकडून त्यांच्यापाशी आणून देतो. तो जांभळ्या दिव्यात चमकतो ना, तोच हा पदार्थ! बुरशी मग उपाशी. शिवाय काही जीवाणू बुरशीला मारक अशी रसायनं स्वतःच बनवतात. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट अशी की जीवाणू असतात मुळाशी, पण त्यांच्यामुळे झाड वरपर्यंत सावध होतं. १९९१ साली काकडीवर हे दाखवलं गेलं. मुळाला जीवाणू दिले होते आणि पानावरचा करपा कमी आला. तो करपा मिरचीच्या फळसडीच्या बुरशीचाच भाऊबंद. वाफ्यात रोपं कोलमडवणारी ती मात्र निराळी, पिथियम. भाची म्हणाली, तिला आता खरी बुरशी म्हणत नाहीत, शेवाळाच्या नात्यातली धरतात. मी म्हटलं, असू दे बाई कुणाच्याही नात्यातली, आमची रोपं वाचव.

आता माझ्या फजितीची गोष्ट. ती मी कुणाला सांगणार नव्हते, पण तुमच्यापासून काय लपवायचं!

पुढच्या मे महिन्यात मी ती पूड विकत घेतली, भिशीच्या पैशांतून. दोन पाकिटं. गावी जायला अजून दहा दिवस होते, म्हणून गच्चीवर जायच्या जिन्यातल्या खिडकीत ठेवून दिली, मुलांचा हात लागायला नको म्हणून. जळगावचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि त्या खिडकीला दुपारभर ऊन. गावी गेले, आक्कांच्या हातात पाकीट दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला, आणि विचारलं, “हाई पूड जित्ती शे का मरेल?”

मी हसले. पूड ती पूड, तिला काय जिवंत न् काय मेलेली! ऐटीत शेणखतात मिसळली, वाफ्यात घातली. वरून चौथ्या दिवशी ढग आले तसे भाऊंनी घाबरून तांब्याचं बुरशीनाशक वाफ्यावर ओतलं. मीही काही बोलले नाही, कारण मला माहीतच नव्हतं की तांब्यानं जीवाणूही मरतात. रोपं पूर्वीसारखीच कोलमडली. पुन्हा विकतची रोपं आणावी लागली आणि आक्कांच्या पोतीचं व्याज आणखी वाढलं. भाऊ मला काही बोलले नाहीत, पण जेवताना म्हणाले, “दही लावून कुठं शेती होते का?” सगळे हसले. मला घास गिळवेना.

भाचीला फोन केला. तिनं पहिला प्रश्न विचारला तो आक्कांचाच. पूड जिवंत होती का? कुठं ठेवली होतीस? किती जुनी होती? मला सगळं समजलं. आपण विरजण चुलीवर उकळून दुधात घातलं आणि दही लागलं नाही म्हणून दुधाला नावं ठेवली, असा तो प्रकार. आक्कांनी चार बुकं न शिकता जे विचारलं ते मी धडा शिकवूनही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी शाळेत मुलांच्या वह्या तपासते तशी प्रत्येक गोष्ट तपासली. पाकिटावर नोंदणी क्रमांक आहे का, बनवल्याची आणि संपण्याची तारीख काय, दुकानात ते कुठं ठेवलं होतं. जीवाणूंची औषधंही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात, तेव्हा क्रमांक नसलेलं पाकीट घेऊ नये. घरी आणून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवलं. हे म्हणाले, “आता माझ्या दह्याशेजारी मिरचीचं दही!” प्रवासात ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात नेलं. भाचीनं बॅसिलस सबटिलिस ह्या दुसऱ्या जीवाणूचंही एक पाकीट दिलं. तो आमच्या उन्हाला जास्त टिकतो, कारण अडचण आली की तो स्वतःभोवती टणक कवच करून निजून राहतो. उकळत्या पाण्यातूनही ती कवचं जिवंत निघतात, हे फर्डिनांड कोहन ह्यांनी १८७६ साली वाळल्या गवताच्या काढ्यात पाहिलं होतं.

आणि ह्या वेळी नुसत्या पुडीवर भिस्त ठेवली नाही. मे महिन्यात वाफ्याची जागा ओली करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलं, कडा मातीनं दाबल्या. उन्हानं आतली माती अशी तापते की बऱ्याच बुरश्या तिथंच मरतात. आमच्याकडे ऊन फुकट आणि भरपूर, त्याचा कधी उपयोग केला नव्हता. माती निवल्यावर गादीवाफे केले, वीतभर उंच, म्हणजे पाणी थांबणार नाही. बी दाट फेकायचं नाही, ओळीत टाकायचं. जागाही बदलली, कारण जुन्या जागेत आधी वांगी होती, आणि वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची हे सगळं एकच कूळ, रोगही पुष्कळसे सामाईक. घरचं बी असेल तर किलोला दहा ग्रॅम पूड चोळून सावलीत सुकवून पेरतात. आमचं बी संकरित, दुकानातूनच रंगीत औषध लावून आलेलं, म्हणून पूड ओलसर शेणखतात मुरवून वाफ्यात दिली. तीही संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर.

वाफे सहा होते. नवव्या-दहाव्या दिवशी ढग दाटले, चार दिवस ऊन नाही. एका वाफ्यात दोनचार रोपं वाकली. भाऊ पंप घेऊन निघाले. हे मला आक्कांनी नंतर सांगितलं. त्या आयुष्यात कधी भाऊंच्या आड आल्या नव्हत्या, पण त्या दिवशी वाफ्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तीन वाफा तुमना, तीन वाफा मना.” भाऊ घटकाभर बघत राहिले, मग आपले तीन फवारले आणि बाकीचे सोडले.

मी जळगावला. रोज रात्री फोन करायचा धीर होईना. ते तीन वाफे गेले असते तर अर्ध्या रानाची रोपं पुन्हा विकत आणावी लागली असती, आणि ती मी आणायला लावली असं झालं असतं. ह्या वेळी भिशीही उरली नव्हती. पाचव्या दिवशी आक्कांचाच फोन आला. त्यांच्या वाफ्यांतली रोपं उभी होती. एका कोपऱ्यात, जिथं पाण्याची नळी गळत होती, तिथली वीतभर जागा गेली होती, बाकी काही नाही. भाऊंच्या तिन्ही वाफ्यांत मात्र ताटाएवढी भोकं पडली होती.

आता खरं तेच सांगते. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे. आपले वाफे म्हणून आक्कांनी पाणीही हात राखून घातलं असणार, आणि जास्त पाणी हा ह्या रोगाचा मोठा सोबती. किती श्रेय पुडीचं आणि किती आक्कांच्या हाताचं, ते मला वेगळं करता येत नाही. पण लावणीच्या दिवशी भाऊंनी काही न बोलता सगळीच रोपं पुडीच्या पाण्यात बुडवली, लिटरला दहा ग्रॅम, अर्धा तास. मी तिथं होते. मला पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पुढं सगळं गोड झालं असंही नाही. पानं आकसून वाकडी होणारा चुरडामुरडा, आमच्याकडे ज्याला बोकड्या म्हणतात, तो आलाच. तो विषाणूचा, पांढऱ्या माशीबरोबर येतो, शिवाय फुलकिडेही पानं आकसवतात. त्यावर हे जीवाणू काही करत नाहीत. कडेच्या दोन ओळी उपटून टाकाव्या लागल्या. नोव्हेंबरात पुन्हा पाऊस आला आणि फळसडीचे डागही दिसले. पावसाच्या थेंबांबरोबर ही बुरशी फळावरून फळावर उडते. आक्का आणि दोन मजूर बायांनी सडलेल्या शेंगा रोज वेचून पोत्यात भरून रानाबाहेर पुरल्या. मधून मधून पुडीची फवारणी केली, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी. रासायनिक औषध एकदाच मारलं, सल्ला घेऊन, मास्क आणि हातमोजे घालून, आणि त्याच्या मागंपुढं पुडीला सुट्टी. भाऊंना मास्क बांधायला लावणं हे मला पिथियमपेक्षा अवघड गेलं.

तुम्हा शहरात राहणाऱ्या मैत्रिणींना वाटेल, आम्हाला ह्याचं काय? अहो, तुमच्या गच्चीवर चार कुंड्या असतील ना? माझ्याकडे सहा आहेत, आणि हिरव्या मिरच्या मी आता क्वचित विकत आणते. कुंडी भरण्याआधी आठवडाभर दोन ओंजळी चांगल्या कुजलेल्या शेणखतात चमचाभर पूड मिसळून, पाणी शिंपडून, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मग ते मातीत कालवा. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत असेल तर ते रात्रभर बादलीत उघडं ठेवून वापरा. कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं नाही ना ते पाहा. रोज लोटाभर पाणी ओतायची सवय सोडा, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच घाला. पूड हाताळताना नाकाला फडकं बांधावं, नंतर साबणानं हात धुवावे आणि पाकीट मुलांपासून दूर ठेवावं. जैविक म्हणजे खायचं नव्हे. पाकीट फोडलं की वर्षभर पुरवायचा मोह टाळा. वाटल्यास शेजारणींनी मिळून एक घ्यावं, आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही तसंच करतो. जवळ कृषी विज्ञान केंद्र असेल तर तिथं चौकशी करा. आमच्या जिल्ह्यात ममुराबादला आणि पालला आहे.

ह्या होळीला भाऊ आले. गोणी अर्धीच होती, पण होती. मी ती उन्हात पसरली, शेंगा मोडून पाहिल्या. पाच-सात पांढुरक्या निघाल्या, त्या बाजूला काढल्या. आक्कांची पोत अजून सराफाकडेच आहे. व्याज फिटलंय, मुद्दल अर्धं राहिलंय. कापूस चांगला गेला तर दिवाळीपर्यंत सुटेल असं भाऊ म्हणतात.

काल रात्री आक्कांचा फोन आला होता. यंदा वाफे आठ टाकणार आहेत, शेजारच्या मळ्यातल्या वहिनीही पुडीचं विचारून गेल्या. मे संपायच्या आत ये म्हणाल्या, मुलांना आण, फणस आलाय. फोन ठेवता ठेवता पुन्हा आठवण करून दिली, “आन ती पूड जित्ती लई येजो व माय.”

मी उठून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात जागा केली.